मरण विसरलेली पेशी

शिमगा येईतो महाड-पोलादपूरच्या डोंगरांतला साग उघडाबोडका होतो. त्याची पाने कोणी ओरबाडत नाही. वेळ झाली की झाडच ती सोडून देते. खाचरातल्या बेडकाच्या पिल्लाची शेपटीही पाय फुटले की अशीच विरून जाते. आपल्या शरीरातल्या पेशींचेही तेच. म्हातारी झालेली, बिघडलेली पेशी स्वतःच आपला शेवट करते. १९७२ साली केर, वायली आणि करी या तीन शास्त्रज्ञांनी या मरणाला नाव दिले, तेही पानगळीच्या ग्रीक शब्दावरून.

हे मरण विसरलेली पेशी म्हणजे कर्करोगाची पेशी. आपल्याकडे माणसे म्हणतात, "औषध लागूच पडले नाही, नशीब खोटे." ते नशीब नव्हे. त्यामागे काय आहे, याचा शोध बरीच वर्षे चालला आणि त्यात आपल्या मराठी माणसांचाही हात आहे.

परळ आपल्या चाकरमान्यांच्या ओळखीचे. तिथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तोंडाच्या कर्करोगाच्या १००० रुग्णांचा आढावा घेऊन १९४४ साली तो प्रसिद्ध केला. पुढे १९५२ साली परळलाच कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे अमेरिकेत बाल्टिमोरला जाऊन शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात पेशी वाढवण्याची विद्या शिकल्या आणि परत येऊन त्यांनी मुंबईत तशी प्रयोगशाळा थाटली. पेशी डोळ्यांसमोर वाढवता आली, तरच तिच्यावर औषध घालून पाहता येते ना!

पण एक कोडे सुटेना. औषधाने गाठ विरघळते, घरचे पेढे वाटतात, आणि काही महिन्यांनी गाठ पुन्हा उठते. मग तेच औषध काम करीत नाही. असे का?

१९७६ साली कॅनडात ज्युलियानो आणि लिंग यांना औषधाला दाद न देणाऱ्या पेशींच्या आवरणावर एक प्रथिन सापडले. गळक्या होडीतले पाणी नावाडी जसा उपसून बाहेर टाकतो, तसे हे प्रथिन आत शिरलेले औषध बाहेर फेकते, हे पुढे उलगडले.

दुसरा उलगडा १९८८ सालचा, ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नचा. बीसीएल-२ नावाचे प्रथिन पेशीला भराभर वाढवत नाही. ते तिला मरू देत नाही, असे तिथे दिसून आले. आता पाहा, किरणांचा आणि पुष्कळशा औषधांचा घाव बसला की पेशीने स्वतःचा शेवट करावा, अशीच उपचाराची अपेक्षा असते. पण हे प्रथिन मरणाची वाटच अडवून बसले, तर घाव फुकट जातो.

परळची ती संशोधन संस्था २००२ साली खारघरला आली; म्हणजे महाड ज्या रायगड जिल्ह्यात, त्याच जिल्ह्यात. बीसीएल-२च्याच कुळातले एमसीएल-१ हे प्रथिन तोंडाच्या कर्करोगात वाढलेले असते, हे तिथल्या अभ्यासात दिसले. बीसीएल-२ला बांधून ठेवणारे व्हेनेटोक्लॅक्स हे औषध २०१६ साली अमेरिकेत मंजूर झाले. ते रक्ताच्या काही कर्करोगांवर चालते. तोंडाच्या कर्करोगावरचा तो उपाय नव्हे.

मग आपण काय करायचे? गाठ लहान असते तेव्हा अशा चिवट पेशी थोड्या असतात, आणि शस्त्रक्रियेने ती मुळासकट काढता येण्याचा संभव अधिक असतो. म्हणून तोंडात पांढरा वा लाल चट्टा दिसला, दोन-तीन आठवडे जखम भरली नाही, तोंड पुरते उघडेना, तर मिश्रीने बरे वाटेल म्हणून थांबू नका, तपासून घ्या. थोडे बरे वाटले म्हणून उपचार अर्ध्यावर सोडू नका. अर्धवट निंदलेल्या शेतात उरलेले तणच पुन्हा माजते.

आणि गुरुजी, बाई, तुमच्याकडे एक मागणे आहे. पानगळीचा धडा शिकवाल तेव्हा ही गोष्टही मुलांना सांगा, आणि तंबाखूची पुडी हातात येण्याआधी सांगा. मुले ती घरी जाऊन आजीला सांगतील, आजोबांना सांगतील.