अडसर : एका इटालियन रक्षकाची हकीकत

श्रोतेहो, शिरूर-दौंडच्या व्यासपीठावर इटलीच्या एका फुटबॉलपटूची कथा सांगावयाची म्हणजे पाहुण्याला देवघरात नेऊन बसविल्यासारखे कोणास वाटेल. पण शिरूर ही एके काळची इंग्रजांची छावणी. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची फौज कोरेगावच्या रोखाने निघाली ती येथूनच. दौंड तर रेल्वेचे जंक्शन. हिंदुस्थानात फुटबॉल मुख्यत्वे आला तो याच दोन वाटांनी, पलटणीबरोबर आणि रुळांवरून. मुंबईच्या रोव्हर्स चषकाचा पहिला मान १८९१ साली वूस्टरशायर रेजिमेंटने मिळविला. हा चषक प्रथम हिंदी संघाच्या हाती येण्यास १९३७ साल उजाडावे लागले. तेव्हा हा विषय आपणांस वाटतो तितका परका नाही.

फुटबॉलमध्ये गोल करणाऱ्याचे नाव होते. गोल वाचविणाऱ्याचे होत नाही. इटलीने मात्र रक्षणाचीच कला केली. तेथील एका प्रसिद्ध बचावपद्धतीस ‘कतेनाच्चो’ म्हणतात. त्या शब्दाचा अर्थ दाराचा अडसर, आणि त्याच्या मुळाशी असलेल्या ‘कतेना’ या शब्दाचा अर्थ साखळी! कबड्डीत आपले गडी हातात हात गुंफून चढाई करणाऱ्याची वाट अडवितात, त्यासही आपण साखळीच म्हणतो. या पद्धतीत बचावाच्या ओळीमागे एक मोकळा गडी ठेवीत. पुढचा चुकला तर त्याची चूक ह्याने निस्तरावयाची. मिलान शहराच्या इंटर संघाने हेलेनियो हेरेरा या शिक्षकाच्या हाताखाली १९६४ व १९६५ साली युरोपचा चषक जिंकला, तो असाच अडसर घालून.

ही कथा ज्याची, तो ब्रुनो चिरिल्लो १९७७ साली नेपल्सजवळच्या कास्तेल्लामारे दी स्ताबिया या गावी जन्मला. इटलीच्या दक्षिण टोकाकडील रेज्जीना या संघाने त्याला पुढे आणले. १९९९ साली तो संघ पहिल्या श्रेणीत चढला आणि २००० साली चिरिल्लो खुद्द इंटरमध्ये दाखल झाला. तेथे तो एकच हंगाम टिकला. पुढे लेच्चे आणि सिएना, मग ग्रीसमध्ये अथेन्सचा एईके, स्पेनमध्ये लेव्हांते, पुन्हा रेज्जीना, पुन्हा ग्रीस, असा त्याचा संसार पाठीवर राहिला. महान खेळाडूंच्या यादीत त्याचे नाव सापडणार नाही. पण खेळ ज्यांच्या जिवावर चालतो, ते असेच असतात.

त्याच्या आयुष्यातील सर्वांत गाजलेला प्रसंग मैदानावर घडलाच नाही. १ फेब्रुवारी २००४ रोजी मिलानमध्ये इंटर व सिएना यांचा सामना झाला. इंटरचा रक्षक मार्को मातेरात्झी त्या दिवशी खेळत नव्हता. सामना संपल्यावर मैदानाबाहेरच्या वाटेत त्याने चिरिल्लोला ठोसा मारला. त्याबद्दल मातेरात्झीस दोन महिन्यांची बंदी झाली. काळाचा न्याय पाहा : ९ जुलै २००६ रोजी बर्लिनमध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात झिदानने छातीवर मारलेली टक्कर ज्याने सोसली, तो हाच मातेरात्झी. एक ठोसा इटलीपुरता राहिला, दुसरी टक्कर साऱ्या जगाने पाहिली. कोणी कोणास मारले यापेक्षा कोठे मारले, यावर कीर्ती ठरते की काय, असे वाटू लागते.

आता कथा आपल्या जिल्ह्यात येते. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली. पुण्याच्या नव्या संघात फ्लॉरेन्सच्या फिओरेंतीना संघाची भागीदारी होती. म्हणून शिक्षक फ्रांको कोलोंबा, गोलरक्षक बेलार्दी, रक्षक माल्योक्केत्ती आणि सदतीस वर्षांचा चिरिल्लो अशी मंडळी बालेवाडीस आली. अथेन्समधील त्याचा जुना सोबती कात्सुरानिस हाही येथेच भेटला. घरच्या पहिल्या सामन्यात २६ ऑक्टोबर रोजी पुण्याने गोव्यास दोन गोलांनी हरविले. हंगामाअखेर मात्र आठ संघांत सहावे स्थान पदरी पडले. आणि त्याच स्पर्धेत चेन्नईचा खेळाडू-शिक्षक कोण? तर मातेरात्झी! दहा वर्षांपूर्वी मिलानमध्ये एकमेकांसमोर आलेले दोघे आता एकाच देशात पोटापाण्याला आले होते. आयुष्याच्या उतारावर जुनी वैरेही एकाच धर्मशाळेत मुक्कामाला येतात.

पुढे काय झाले? चिरिल्लो निवृत्त झाला, हे रीतीप्रमाणेच झाले. पण ज्या संघात तो खेळला तोही २०१९ साली पुणे सोडून गेला आणि त्याच्या जागी हैदराबादेस नवा संघ उभा राहिला. त्याआधी, २००७ साली स्थापन झालेल्या व राष्ट्रीय लीगमध्ये उपविजेतेपदापर्यंत पोहोचलेल्या पुणे एफसीने २०१५ साली आपला मुख्य संघ गुंडाळला. डीएसके शिवाजीयन्सचेही तेच झाले. तीन घरे उभी राहिली आणि तीनही ओस पडली. आमच्या मते या हकीकतीतील खरे दुःख हे आहे. खेळाडू निवृत्त होणे हा निसर्ग. संघानेच निवृत्त होणे हा आपला करंटेपणा.

तथापि सारेच वाया गेले, असे आम्ही म्हणणार नाही. पुण्याच्या अकादमीत घडलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारतातर्फे खेळला. म्हणजे मालकांचा पैसा गेला, नावे पुसली गेली, तरी मुलांना दिलेली शिकवण उरली. घोड आणि भीमेच्या काठी कबड्डीत कोपरा सांभाळणाऱ्या पोरांना अडसर व्हावयास कोणी नव्याने शिकवावयास नको. त्यांना हवे आहे ते एक सपाट मैदान, एक नित्य येणारा शिक्षक आणि पाच वर्षांनी बंद न पडणारा संघ. चिरिल्लोसारखे पाहुणे येतील आणि जातील. त्यांचे स्वागतच करावे. पण घराचा अडसर घरच्या लाकडाचाच असावा लागतो.