वचनाला चाल लावण्याची कुळकथा

बायबलमधील वचने मुलांना मुखोद्गत व्हावीत म्हणून त्यांना चाल लावण्याची जी रीत आज संडे स्कूलमध्ये, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, रुळलेली दिसते, तिच्यामागे परस्परविरोधी अशा दोन परंपरा उभ्या आहेत : एकीत चाल शब्दांच्या मागून जाते, तर दुसरीत शब्दांना चालीच्या मापात बसावे लागते.

पहिली ज्यूंची. तोरा, म्हणजे मोशेच्या नावाने ओळखले जाणारे पाच ग्रंथ, सिनेगॉगमध्ये ठरावीक स्वरांतच वाचले जातात. या स्वरांची चिन्हपद्धती गालील समुद्राकाठच्या तिबिर्या नगरातील मसोरेतांनी, अर्थात मूळ पाठ जपणाऱ्या पंडितांनी, दहाव्या शतकापर्यंत पक्की केली. कोठे थांबावे आणि कोणता शब्द पुढच्याला जोडून घ्यावा हेही ही चिन्हे सांगत असल्यामुळे स्वर पाठ झाला की वाक्याची फोडही पाठ होते. मात्र प्रत्यक्ष वाचनाच्या गुंडाळीवर ना स्वरचिन्हे असतात ना उच्चारातील स्वरवर्णांच्या खुणा, त्यामुळे तेराव्या वर्षी प्रथम जाहीर वाचन करणाऱ्या मुलाला आपला भाग छापील पुस्तकावरून आधीच घोकून ठेवावा लागतो.

दुसरी परंपरा सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेची, आणि तिच्यात मुलांना मिळालेले स्थान आजच्या समजुतीच्या अगदी उलट आहे. १५३७ मध्ये जिनिव्हाच्या नगरसभेपुढे धर्मसुधारक काल्व्हिन व त्याच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या मसुद्यात सुचवले होते, की उपासनेत बायबलमधील स्तोत्रे गाण्याची लोकांना सवय नसल्याने काही मुलांना आधी शिकवावे, त्यांनी मोठ्याने व स्पष्ट गावे आणि ते ऐकत ऐकत मोठ्यांनी हळूहळू सूर मिळवावा. म्हणजे मुले येथे विद्यार्थी कमी आणि गुरुजी अधिक होती. त्याच सुमारास, १५४२ मध्ये गोव्यात आलेले कॅथलिक धर्मप्रसारक फ्रान्सिस झेवियर रस्तोरस्ती घंटा वाजवून मुलांना गोळा करीत आणि प्रार्थना व दहा आज्ञा त्यांच्याकडून गाऊन घेत. पंथ एकमेकांचे वैरी, पण युक्ती एकच.

मसुद्याच्या पुढच्याच वर्षी, १५३८ मध्ये, जिनिव्हातून हद्दपार झालेल्या काल्व्हिनने १५३९ मध्ये स्ट्रासबर्गला छोटा स्तोत्रसंग्रह छापला. क्लेमाँ मारो आणि थिओडोर द बेझ यांच्या पद्यानुवादांनी तो वाढत जाऊन १५६२ मध्ये सर्व १५० स्तोत्रे यमकबद्ध फ्रेंचमध्ये, सव्वाशेच्या आसपास चालींसह, सिद्ध झाली. प्रत्येक अक्षराला बहुधा एकच स्वर, हे या चालींचे सामर्थ्य होते, आणि १५५९ मध्ये स्थापन झालेल्या जिनिव्हाच्या विद्यालयात मुलांसाठी स्तोत्रगायनाचा रोजचा तासच होता. १५५१ मध्ये रोबेर एत्येन या मुद्रकाने ग्रीक नव्या कराराला वचनक्रमांक दिले तेही याच नगरात, त्यामुळे पाठांतराचे सुटे, क्रमांकित माप येथेच हाती आले, हा योगायोग दुर्लक्षण्याजोगा नाही.

यमकाची किंमत मात्र मोजावी लागली, कारण पद्यात बसवलेले स्तोत्र हे मूळ वचन राहत नाही. १६५० च्या स्कॉटिश संग्रहात तर बहुतेक स्तोत्रे आठ-सहा-आठ-सहा अक्षरावयवांच्या एकाच वृत्तात ओतलेली असून त्यांतले कोणतेही स्तोत्र त्या वृत्ताच्या कोणत्याही चालीवर म्हणता येते, म्हणजे चाल आणि वचन यांचा परस्परसंबंधच तेथे सुटला. सरावाच्या वेळी पवित्र शब्द वाया जाऊ नयेत म्हणून स्कॉटलंडमध्ये भलत्याच लौकिक कडव्यांवर या चाली घोटत, ही गंमत वेगळीच.

विसाव्या शतकात शब्दांनी पुन्हा वरचष्मा मिळवला. न्यूझीलंडच्या डेव्हिड व डेल गॅरेट या दांपत्याने १९६८ पासून ‘स्क्रिप्चर इन साँग’ या नावाने बायबलच्या ओळी गाण्यांत आणल्या, आणि १९९० मध्ये अमेरिकी गायक स्टीव्ह ग्रीन यांचा मुलांसाठी वचनगीतांचा संग्रह आला. गद्याला वृत्त नसल्याने अशा रचनांत शब्द ताणावे लागतात, वाक्यांश पुन्हा पुन्हा घ्यावे लागतात आणि कित्येकदा ग्रंथाचे नाव, अध्याय व क्रमांकही गाण्यातच ओवला जातो. शब्दशः पाठाचा हा आग्रह एका विशिष्ट भाषांतराला जखडून असतो. चर्चने भाषांतर बदलले की मुलांच्या तोंडची चाल जुन्याच शब्दांवर अडून बसते, आणि आधुनिक भाषांतरे बहुधा स्वामित्वहक्काखाली असल्याने गीतकाराला प्रकाशकाची परवानगीही मिळवावी लागते.