बांध, शीव आणि शेजार

खेड्यांतील भांडणांत बांधाच्या वादांचा वाटा मोठा असतो. एकाने नांगराच्या दोन तासांएवढा बांध कोरला, दुसऱ्याने वहिवाटीच्या गाडीवाटेवर काटे टाकले आणि दोन घरांचे जाणे-येणे कायमचे बंद झाले, अशी उदाहरणे कोणत्याही तालुक्यात सापडतील. माणसाच्या हव्यासाला दोष देऊन आपण मोकळे होतो. परंतु हद्द ठरविण्याची रीत कशी बदलत गेली हे पाहिले, तर या वादांचा उलगडा अधिक चांगला होतो असे आम्हांस वाटते.

मराठेशाहीत शिवेचा तंटा गोतसभेपुढे येई. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आणि शेजारच्या गावांतील जाणती माणसे तेथे जमत. निवाडा झाला की महजर लिहिला जाई व त्यावर उपस्थितांच्या निशाण्या पडत. साक्षीने निर्णय होईना, तर उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढण्यासारखे दिव्य करावे लागे. गावच्या शिवेची माहिती ठेवणे हे महाराचे काम होते आणि सीमेच्या वादात त्याची साक्ष मोलाची मानली जाई. ज्याच्या शब्दावर गावाची हद्द ठरे, त्याला वस्तीची जागा मात्र वेशीबाहेरच होती. जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाताना हे विसरता येणार नाही.

इंग्रजी अमलात साक्षीची जागा मोजणीने घेतली. प्रिंगल यांची पहिली पाहणी फसल्यावर 1835 च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने काम हाती घेतले. पुढे 1847 च्या संयुक्त अहवालाने या पद्धतीचे नियम पक्के झाले. 33 फुटांची साखळी, तिचे 16 आणे, साखळीभर लांब-रुंद जमिनीचा एक गुंठा आणि 40 गुंठ्यांचा एकर, हा हिशेब शेतकऱ्याच्या तोंडी बसला. प्रत्येक शेताला क्रमांक मिळाला आणि कोपऱ्यांवर हद्दीचे दगड उभे राहिले. हेतू साराआकारणीचा होता, तरी सामान्य कुळवाड्यालाही दाखविण्याजोगा कागद त्यामुळे मिळाला. हा लाभ लहान नव्हे.

मात्र नकाशावरची रेषा स्थिर राहिली आणि कुटुंबे वाढत गेली. वाटण्यांनी शेतांचे तुकडे पडले. त्यावर उपाय म्हणून 1947 साली तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा आला आणि गावोगाव गट पडले. पण अनेक ठिकाणी उतारा एकाच्या नावे व वहिवाट दुसऱ्याची, असा नवा घोळ झाला.

वाटेचा प्रश्न याहून नाजूक आहे. आतल्या शेताला बांधावरून जाऊ देण्याचा शब्द आजोबांनी दिलेला असतो. तो कोठेही लिहिलेला नसतो, आणि नातू तो मानीत नाही. 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाने रस्ता अडविणाऱ्याविरुद्ध दाद मागता येते. पण ती सहा महिन्यांच्या आत मागावी लागते. 1966 च्या जमीन महसूल संहितेच्या कलम 143 अन्वये तहसीलदार बांधावरून वाट देऊ शकतो. तेथे शेतकऱ्याला आपल्या शेतात वाजवी रीतीने पोहोचता यावे, ही गरज पाहिली जाते. ज्या निकषावर शेजारी एकमेकांना वाट देत आले, तोच येथे कायद्याने उचलला आहे.

2023 साली राज्य शासनाने एकमेकांच्या ताब्यातील जमिनींची अदलाबदल करणाऱ्यांसाठी नाममात्र मुद्रांक व नोंदणी शुल्काची योजना काढली. तिचे नाव ‘सलोखा’. ताबा किमान 12 वर्षांचा असावा आणि दोन्ही शेतकरी राजी असावेत, ही तिची अट. दीडशेहून अधिक वर्षांच्या मोजणीनंतरही शासनाला शेवटी शेजाऱ्यांच्या संमतीकडे वळावे लागले, ही गोष्ट आम्हांस मोठी बोलकी वाटते.

मोजणी हवीच; तिच्यावाचून दुबळ्याचा बांध टिकत नाही. पण मोजणीदार खुणा करून निघून जातो आणि शेजारी तेथेच राहतो. म्हणून वडिलांनी दिलेली वाट त्यांच्या हयातीतच दोन्ही घरांनी बसून लिहून घ्यावी व तिची रीतसर नोंद करावी. पुढच्या पिढीसाठी ठेवण्याजोगी ती मोठी मिळकत आहे.