संगणक सुरूच होत नाही, तेव्हा...

बटण दाबूनही संगणक सुरू झाला नाही, म्हणजे तो निकामीच झाला असे मानण्याचे कारण नाही. यंत्र बदलता येते. परंतु त्यातील हिशेब, छायाचित्रे किंवा प्रबंध घाईगर्दीत पुसले गेले, तर ते परत मिळतीलच असे नाही. म्हणूनच दोष शोधताना क्रम पाळणे आणि माहितीला धक्का न लावणे, ही दोन पथ्ये महत्त्वाची ठरतात.

संगणक ठरावीक टप्प्यांनी जागा होतो. प्रथम एसएमपीएस मदरबोर्डला वीज पुरवतो. मग मदरबोर्डवरील चिपमध्ये साठवलेला बायोस (नव्या संगणकांत यूईएफआय) प्रोसेसर, रॅम आदी भागांची तपासणी करतो. अखेरीस हार्ड डिस्क वा एसएसडीवरील विंडोज किंवा लिनक्स प्रणाली रॅममध्ये आणली जाते. अडथळा नेमका कोणत्या टप्प्यावर आहे हे कळले, की निम्मे काम झाले.

दिवा लागत नाही, पंखाही फिरत नाही

त्याच सॉकेटमध्ये दुसरे उपकरण लावून वीज येते का, ते पाहावे. वायर, यूपीएस व एसएमपीएसच्या मागील बाजूचे बटण तपासावे. लॅपटॉप असल्यास चार्जर व जोडलेली सर्व उपकरणे काढून पॉवरचे बटण सुमारे ३० सेकंद दाबून धरावे आणि नंतर चार्जर लावून पुन्हा प्रयत्न करावा. एसएमपीएस मात्र घरी कधीही उघडू नये. वीज बंद केल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार शिल्लक राहू शकतो.

पंखा फिरतो, पण पडदा काळा

प्रथम मॉनिटरची केबल पाहावी. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असल्यास ती त्याच कार्डाला जोडलेली हवी. त्यानंतर रॅमकडे वळावे. प्लग काढून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी आणि रॅम काढून पुन्हा घट्ट बसवावी. दोन रॅम असतील, तर एकेक लावून पाहावी. बीप ऐकू येत असल्यास ते मोजावेत. त्यांचा अर्थ उत्पादकागणिक बदलत असल्याने माहितीपुस्तिका पाहावी.

कंपनीचे चिन्ह दिसते, पण विंडोज येत नाही

लावून ठेवलेला पेनड्राइव्ह आधी काढावा. बायोसमध्ये डिस्कचे नाव दिसत नसेल, तर केबल किंवा डिस्क सदोष असण्याची शक्यता असते. नाव दिसत असेल, तर दोष बहुधा प्रणालीत असतो. विंडोज १० व ११ मध्ये लागोपाठ प्रयत्न फसल्यावर दुरुस्तीचे पर्याय आपोआप समोर येतात. त्यांपैकी 'स्टार्टअप रिपेअर' आणि 'सेफ मोड' आधी वापरावेत. बिटलॉकर सुरू असल्यास ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती अनेकदा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन केलेली असते.

फॉरमॅट हा अगदी शेवटचा उपाय होय. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणक ठप्प झाले आणि भारतातील काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. तरीही 'सेफ मोड'मध्ये जाऊन ती सदोष फाइल काढून टाकणे, हाच त्यावरील उपाय होता. डिस्कवरील माहिती पुसण्याची गरज नव्हती.

हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर संगणक त्वरित बंद करावा आणि माहिती मोलाची असल्यास डेटा रिकव्हरी तज्ज्ञाकडे द्यावा. प्रत्येक नव्या प्रयत्नाने नुकसान वाढू शकते. उलट, मदरबोर्ड बिघडला तरी डिस्क शाबूत असू शकते आणि बऱ्याच संगणकांतून ती काढून दुसऱ्या संगणकाला जोडता येते. त्यामुळे संगणक दुरुस्तीला देताना 'विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये' असे पावतीवर लिहून घ्यावे. आणि संगणक सुरळीत चालू असतानाच महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत अन्यत्र ठेवावी.