नखावरची चंद्रकोर

आपल्या अंगठ्याच्या नखाकडे जरा नीट बघा. मुळाशी एक पांढुरकी कोर दिसेल. शरीरशास्त्रात तिला लुन्युला म्हणतात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ छोटा चंद्र. नख जिथे तयार होतं, त्या भागाचा बाहेरून दिसणारा हा तुकडा. कुणाची कोर मोठी असते, कुणाची जेमतेम, आणि करंगळीवर तर ती बहुतेकदा सापडतच नाही.

आज आपण नेलपॉलिश लावताना ही कोर रंगाखाली गाडून टाकतो. १९२० आणि १९३० च्या दशकांत युरोप-अमेरिकेत मात्र तीच खरी फॅशन होती. रंग फक्त नखाच्या मधल्या भागात. मुळाशी चंद्र कोरा ठेवायचा, टोकाची पांढरी कडही बऱ्याचदा कोरीच. याला म्हणायचे मून मॅनिक्युअर. गेली दोन वर्षं मी रविवारी दुपारी घरच्या घरी हा प्रकार करते. जुने फोटो बघून सुरुवात केली ती हौस म्हणून. पण त्या एवढ्याशा कोऱ्या जागेबद्दल वाचत गेले तसतसा तिचा इतिहास पार्लरमधून निघून कारखान्यात, युद्धात आणि सिनेमात जाऊन पोचला.

सुरुवात करू या रंगाच्या आधीपासून. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत आणि युरोपात हात नीटनेटके करून देणारी दुकानं निघाली, तेव्हा तिथे रंग जवळजवळ नव्हताच. नखं कानशीने घासायची, कोमट पाण्यात बुडवायची, कडेची कातडी मागे सारायची, मग बारीक पूड लावून मऊ चामड्याने घासून घासून चमक आणायची. चमकणारं नख म्हणजे भांडी न घासणारा हात, एवढा सरळ हिशोब होता. १९११ मध्ये अमेरिकेत क्युटेक्स बाजारात आलं तेही रंग म्हणून नव्हे, तर नखाच्या कडेची कातडी मऊ करणारं औषध म्हणून. पार्लरमध्ये दुसऱ्याच्या हातून करून घेण्याची गोष्ट बाटलीतून घरी आली ती अशी.

रंग टिकायला लागला तो वेगळ्याच पदार्थामुळे. १८४६ मध्ये बाझलमधल्या शोनबाइन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया करून एक स्फोटक तयार केलं. गोष्ट अशी सांगतात, की स्वयंपाकघरात सांडलेलं आम्ल त्याने बायकोच्या एप्रनने पुसलं, तो शेगडीजवळ वाळत घातला, आणि एप्रन भक्कन पेटून नाहीसा झाला. गोष्ट खरी असो वा रचलेली, पदार्थ खरा आहे: नायट्रोसेल्युलोज. तोफांसाठी तो दारूगोळा झाला. कमी तीव्रतेचा प्रकार द्रवात विरघळवला की त्याचा पातळ, पारदर्शक पापुद्रा तयार होतो, हेही लवकरच लक्षात आलं. त्या पापुद्र्याने डॉक्टरांनी जखमा झाकल्या. त्यात कापूर मिसळून सेल्युलॉइड झालं, आणि सेल्युलॉइडवर सिनेमा उभा राहिला. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये पडद्यावर आला तो याच ज्वालाग्राही फिल्मवर. पुण्यात २००३ मध्ये आग लागून जुन्या चित्रपटांची रिळं जळाली, तीही याच जातीची.

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा दारूगोळ्यासाठी उभे केलेले कारखाने हाताशी होते आणि नायट्रोसेल्युलोजला नवं गिऱ्हाईक हवं होतं. ड्युपाँट कंपनीने त्यापासून मोटारींचा रंग बनवला, ड्युको. १९२३ पासून तो अमेरिकेतल्या मोटारींवर दिसू लागला. गाडी रंगवून वाळवायला आधी आठवडे जायचे, ते काम फारच लवकर उरकू लागलं, आणि रंगांची निवडही वाढली. नखांचं पॉलिश त्याच घराण्यातलं. आजही तुमच्या कपाटातल्या साध्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलंत तर नायट्रोसेल्युलोज सापडेल. ते ज्या द्रावकात विरघळवलेलं असतं तो उडून जातो, म्हणून पार्लरसारखा वास घरभर सुटतो, आणि नखावर पापुद्रा उरतो. म्हणूनच हे काम गॅसजवळ करू नये आणि देवघरातल्या पेटत्या समईशेजारी तर मुळीच करू नये.

१९३२ मध्ये, ऐन मंदीत, न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स रेव्हसन, त्याचा भाऊ जोसेफ आणि चार्ल्स लॅकमन यांनी रेव्हलॉन सुरू केली. नावातला 'ल' लॅकमनचा. तोवरची पॉलिशं बहुधा पारदर्शक, गुलाबी झाक देणारी होती. यांनी रंगद्रव्यं वापरून दाट, खालचं नख न दिसू देणारं पॉलिश विकलं, आणि तेही आधी पार्लरवाल्यांना. नोकऱ्या जात होत्या, नवा कोट घेणं परवडत नव्हतं, पण लाल रंगाची एक छोटी बाटली परवडत होती.

मग दाट रंग हाताशी असताना चंद्रकोर कोरी का ठेवायची? एक समज असा होता, की नखाला श्वास घ्यायला जागा लागते. नख श्वास घेत नाही. त्याचं पोषण खालच्या रक्तातून होतं. मला पटणारं कारण घरगुती आहे. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. पूर्ण रंगवलेल्या नखावर आठवड्याभरात मुळाशी फट दिसू लागते. कोर आधीच कोरी असेल तर ती फट कोरीतच मिसळते. बाटली जपून वापरणाऱ्या घरात ही सोय छोटी नव्हती.

आपल्याकडे नखं रंगवणं नवं नाहीच. मेंदीचा रंग नखाच्या केराटिनमध्ये मुरतो आणि नख वाढून कापलं जाईपर्यंत जात नाही. तेरड्याच्या पाकळ्यांनी नखं रंगवायची चाल कोरियात आजही आहे. तिथे म्हणतात, पहिला बर्फ पडेपर्यंत रंग टिकला तर प्रेम मिळतं. आपण मात्र त्याच फुलाला तीन दिवसांच्या रंगाचं नाव ठेवून मोकळे झालो. बाटलीतला रंग वेगळा. तो मुरत नाही, वर बसतो, आणि म्हणूनच त्याच्याबद्दल संशय. आमच्या घरात 'रंगवलेल्या नखांनी भाकरी कोण थापणार?' हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकलाय.

१९५२ हे साल मला म्हणूनच गमतीचं वाटतं. त्या वर्षी रेव्हलॉनने 'फायर अँड आइस' या लाल रंगाची जाहिरात काढली. फोटो रिचर्ड अ‍ॅव्हेडनचा, मॉडेल डोरियन ली, आणि सोबत बायकांना खट्याळ प्रश्न विचारणारी प्रश्नावली. त्याच वर्षी मुंबईत टाटांनी लॅक्मे सुरू केली. इकडचा प्रश्न परकीय चलनाचा होता: परदेशी सौंदर्यप्रसाधनांवर पैसा बाहेर जातोय, तर इथेच बनवा, असा नेहरूंचा आग्रह. नाव फ्रेंच ऑपेराचं, पण ते लक्ष्मीचंच फ्रेंच रूप. जिनिव्हात वाढलेल्या सिमोन टाटा १९६१ मध्ये या कंपनीत आल्या आणि पुढे त्यांनी ती मोठी केली. तिकडे लाल नख म्हणजे धिटाई, इकडे लाल नख म्हणजे स्वदेशी उद्योग. तरी भाकरीचा प्रश्न दोन्हीकडे होताच. तिकडच्या जाहिरातीही भांडी घासून हात खराब न दिसण्याची हमी देतच होत्या. हात काम करतात, हे कुणी नाकारत नव्हतं. ते दिसू नये, एवढीच अट होती.

माझी आई चौतीस वर्षं परिचारिका होती. तिच्या कामात नखं आखूड आणि कोरी हवीत, आणि त्याला चोख कारण आहे: टवके उडालेल्या पॉलिशमध्ये जंतू राहतात. उलट रुग्णांच्या नखांवरचा रंग तिनेच किती वेळा पुसला असेल. ऑपरेशनआधी नख दिसावं लागतं. निळं पडलं तर ऑक्सिजन कमी झाल्याचं कळतं. त्यामुळे तिच्यासाठी नख ही बघायची गोष्ट होती, सजवायची नाही. निवृत्तीनंतर एका रविवारी माझं सगळं सामान मांडलेलं बघून ती समोर येऊन बसली आणि काही न बोलता हात पुढे केला.

मी नेहमीसारखंच केलं. नखं कानशीने एकाच दिशेने घासून बदामी आकार दिला. कोमट पाण्यात पाच मिनिटं. कडेची कातडी कापली नाही, लाकडी काडीने फक्त मागे सारली. मग रिमूव्हरचा बोळा, म्हणजे तेलकटपणा जातो. पारदर्शक पहिला हात, तो पूर्ण वाळू दिला. पूर्वीच्या बायका कोर नुसत्या ब्रशने सोडायच्या. मी स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी, फाईलच्या कागदाची भोकं फाटू नयेत म्हणून लावायची गोल चिकटपट्टी वापरते. तिची वळणदार कड नखाच्या मुळाशी बसते. त्यावर गर्द लालचे दोन पातळ हात. दुसरा हात ओला असतानाच पट्टी अलगद उचलायची, नाहीतर कड फाटते.

"कोरा भाग का ठेवलास?" तिने विचारलं. मी सगळा इतिहास सांगायला लागले, मंदी, मोटारी, न्यूयॉर्क. तिने अंगठा उजेडात धरून कोर तपासली आणि म्हणाली, "छान. निळं पडलं तर इथे तरी कळेल."

दहा दिवसांनी रंग जरा वर सरकला होता आणि चंद्र मोठा झाला होता. मी पुसू का विचारलं, तर म्हणाली, "असू दे अजून." त्या आठवड्यात तिने रोज भाकरी केल्या.