घोड्याचं तोंड, मांजराचा स्वभाव

हल्ली परदेशातल्या काही पशुवैद्यांकडे गेलात तर ते तुमच्या कुत्र्याचं वय, वजन विचारतात आणि मग विचारतात, हा अनोळखी माणसावर धावून जातो की पलंगाखाली लपतो? ऊन आवडतं की गार फरशी? त्यावरून ते ठरवतात की हा प्राणी लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी यांपैकी कोणत्या प्रकृतीचा. याला म्हणतात पारंपरिक चिनी पशुवैद्यक. मी इतिहास घेऊन बी.ए. झालेला आणि पोटासाठी फायली हलवणारा माणूस. त्यामुळे 'पारंपरिक' हा शब्द दिसला की तारीख शोधायची खोड जात नाही.

आधी हे पाच प्रकार बघूया. लाकूड म्हणजे तापट, पुढारीपण करणारा. त्याचं यकृत जपायचं, राग हा त्याचा विकार. अग्नी म्हणजे सगळ्यांच्या अंगावर उड्या मारणारा, आलं-गेलं कुणीही चालणारा. त्याचं हृदय नाजूक आणि झोप कमी. मातीचा प्राणी गोड, खादाड, लठ्ठ होणारा, दुखणं पोटाचं. धातूचा शिस्तीचा, थोडा अलिप्त. त्याला फुप्फुसं, खोकला, त्वचा यांचा त्रास. आणि पाण्याचा तो भित्रा, कोपऱ्यात बसणारा. त्याचे मूत्रपिंड आणि मूत्राशय सांभाळायचे. लाकडातून अग्नी, अग्नीतून राख म्हणजे माती, मातीतून धातू, धातूतून पाणी, पाण्यातून पुन्हा झाड, असं हे चक्र फिरतं. आपल्याकडे वात-पित्त-कफ ऐकत वाढलेल्या माणसाला यात परकं काही वाटत नाही.

पण हे मुळात लिहिलं गेलं ते माणसांसाठी. 'हुआंगदी नेइजिंग' हा चिनी वैद्यकाचा पायाभूत ग्रंथ. त्याच्या 'लिंगशू' या भागातल्या चौसष्टाव्या प्रकरणात पाच तत्त्वांवरून माणसांचे पंचवीस प्रकार सांगितले आहेत: चेहऱ्याचा रंग, खांदे, चाल, स्वभाव, कोणत्या ऋतूत आजारी पडेल हे सगळं. कुत्र्या-मांजरांचा तिथे संबंध नाही.

मग जनावरांचे वैद्य नव्हते का? भरपूर होते. 'झोऊ ली' या दोन हजार वर्षांहून जुन्या ग्रंथात राजदरबारी वैद्यांचे चार वर्ग आहेत: आहाराचे, रोगांचे, जखमांचे आणि चौथे जनावरांचे. म्हणजे जनावरांचा डॉक्टर तिथे सरकारी नोकर होता. (वाचून मला उगीच बरं वाटलं!) पण हे सगळं मुख्यतः घोड्यासाठी. उत्तरेच्या भटक्या टोळ्यांशी लढायचं तर घोडा हवा. हान सम्राट वू याने इ.स.पू. 104 ते 101 मध्ये थेट फरगाना खोऱ्यावर सैन्य पाठवलं ते तिथल्या घोड्यांसाठी. पुढे मा युआन या सेनापतीने चांगला घोडा कसा असावा याचा नमुना म्हणून ब्राँझचा घोडा ओतवून दरबारात ठेवला. थांग काळात, सातव्या शतकाच्या मध्याला, सरकारी कुरणांवर 7 लाख 6 हजार घोडे होते अशी नोंद आहे. इतके घोडे म्हटल्यावर वैद्य लागणारच. 'सीमू आन्जी जी' हा पशुवैद्यकाचा ग्रंथ थांग काळातल्या ली शी याच्या नावावर आहे.

यातला मला सर्वांत आवडलेला ग्रंथ 1608 सालचा. आनह्वी प्रांतातल्या यू आडनावाच्या दोघा भावांनी, बन-युआन आणि बन-हंग यांनी, घोड्यांच्या उपचारांवर मोठं पुस्तक लिहिलं आणि आपल्या नावांचे शेवटचे तुकडे जोडून त्याला 'युआन-हंग' नाव दिलं. त्यासोबत बैल आणि उंट यांचेही भाग मिळतात. घोड्याचे ओठ उचलून जिभेचा, हिरड्यांचा रंग बघायचा, गळ्यापाशी नाडी धरायची, शेण बघायचं. रोग सांगता न येणाऱ्या रुग्णाकडून रोग काढून घ्यायची ही विद्या होती, आणि ती हाताने घोडा तपासलेल्या माणसांची आहे हे पानोपानी जाणवतं.

आपल्याकडेही तेच. शालिहोत्र घोड्यांचा, पालकाप्य हत्तींचा. भद्र, मंद, मृग हे हत्तींचे स्वभावभेदच. बाराव्या शतकातल्या चालुक्य सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त हत्ती-घोड्यांबरोबर कुत्र्यांनाही जागा मिळाली, पण ती शिकारीसाठी. आणि गोव्याच्या बंदरात अरबी घोडे उतरून घाटावर, विजयनगरला जात होते. ज्याच्यावर राज्य उभं, त्याच्या प्रकृतीची चिंता राजा करतो.

कुत्रं-मांजर या चित्रात आलं ते फार उशिरा. चीनमध्ये 1956 साली सरकारने गावोगावच्या पशुवैद्यांना बळ देण्याचा हुकूम काढला, तोही शेतीच्या जनावरांसाठी. 1974 मध्ये अमेरिकेत पशु-ॲक्युपंक्चरची आंतरराष्ट्रीय संस्था निघाली, 1996 मध्ये शेरिल श्वार्ट्झ यांचं कुत्र्या-मांजरांवरचं पुस्तक आलं, 1998 मध्ये फ्लोरिडात चिनी पशुवैद्यक शिकवणारी 'ची इन्स्टिट्यूट' सुरू झाली. माणसांची जुनी पंचतत्त्वं आणि सोफ्यावरचं नवं मांजर यांची गाठ खऱ्या अर्थाने इथे पडली. हजारो वर्षांची परंपरा म्हणून जे विकलं जातं त्यातलं हे स्वभावांचं कोष्टक, माझ्या मते, आपल्याच पिढीचं आहे.

म्हणून ते टाकाऊ का? इतक्या झटकन मी तसं म्हणणार नाही. मांजरांच्या एका मूत्राशयाच्या दुखण्यात जंतू सापडत नाहीत, आणि ते घाबरलेल्या, ताणात राहणाऱ्या मांजरांना जास्त होतं. ओहायो स्टेट विद्यापीठात टोनी बफिंग्टन यांनी यावर बरीच वर्षं काम केलं. लपायला जागा, चढायला उंच फळी, ठरलेल्या वेळी जेवण एवढं दिलं तरी अनेक मांजरांचा त्रास कमी होतो. भीती आणि मूत्राशय! 'पाणी' प्रकृतीचं वर्णन इथे अचानक जुळतं.

पण लिंगशू बरोबर होता असा त्याचा अर्थ नव्हे. लाकूड आणि यकृत, धातू आणि फुप्फुस यांना असा आधार मला कुठे दिसला नाही. आणि धोका तर इथेच आहे. बोक्याची लघवी अडली, की तोही कोपऱ्यात जाऊन बसतो, खात नाही, वारंवार रेतीत जाऊन नुसता जोर करतो. 'भित्राच आहे, पाण्याचा आहे' म्हणत मालक दोन दिवस काढा पाजत बसला तर बोका मरतो. त्याला तासांच्या हिशेबात नळी घालावी लागते. यू बंधूंनी आधी जनावराचं तोंड उघडून पाहिलं असतं.