मुंबई विद्यापीठाचे पदवीधर आणि हिंदुस्थानी संगीत : एक ऐतिहासिक विवेचन

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली. मात्र संगीत या विषयासाठी स्वतंत्र केंद्र निर्माण होण्यास १९६० च्या दशकाची अखेर उजाडावी लागली. या शंभराहून अधिक वर्षांत विद्यापीठातून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या संगीतज्ञांना विद्यापीठाने गाणे शिकविले नव्हते. त्यांना येथून मिळाली ती अभ्यासाची शिस्त, आणि तिचे परिणाम संगीतावर दूरवर झाले.

याचे ठळक उदाहरण म्हणजे पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६). पुण्याचे डेक्कन कॉलेज त्या काळी मुंबई विद्यापीठाशी संलग्न होते. तेथून ते १८८५ मध्ये बी. ए. झाले व १८८७ मध्ये त्यांनी कायद्याची पदवी संपादन केली. गाण्याचे शिक्षण मात्र त्यांना पारशी मंडळींनी चालविलेल्या 'गायन उत्तेजक मंडळी'त मिळाले. पुढे वकिली सोडून त्यांनी देशभर प्रवास केला, संस्कृत ग्रंथ तपासले आणि घराणेदार गायकांकडून चिजा मिळवून त्या स्वरलिपीत उतरविल्या. 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत अशा सुमारे अठराशे रचना आहेत. त्यांची मराठी 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' गुरू-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात आहे. ती वाचताना न्यायालयातील उलटतपासणीची आठवण व्हावी, इतकी ती काटेकोर आहे.

या कार्याची दुसरी बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. जयपूरचे महंमद अली खाँ यांच्यासारख्या उस्तादांनी जी विद्या कंठात जपली होती, ती छापील पृष्ठावर आली. त्यामुळे ती नष्ट होण्यापासून वाचली, हे निर्विवाद. परंतु रागाचे शुद्ध रूप कोणते, हे सांगण्याचा अधिकार हळूहळू उस्तादाकडून ग्रंथाकडे आणि ग्रंथ वाचू शकणाऱ्या पदवीधराकडे सरकला. भातखंडे यांच्यावरील टीकेत स्वरलिपीच्या गुणदोषांची चर्चा पुष्कळ झाली. अधिकाराच्या या स्थलांतराकडे त्या मानाने कमी लक्ष गेले.

पुढील पिढीत हा तणाव एकाच व्यक्तीत नांदताना दिसतो. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर हे भातखंडे यांचे शिष्य. शिवाय बडोद्यास उस्ताद फैयाज खाँ यांच्याकडे त्यांनी तालीम घेतली. १९२६ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. त्याच वर्षी लखनौ येथे मॅरिस कॉलेज सुरू झाले होते. १९२८ पासून त्याची धुरा रातंजनकरांनी वाहिली. वर्गात क्रमिक पुस्तक आणि मैफलीत आग्रा घराण्याची गायकी, अशी दुहेरी निष्ठा त्यांनी सांभाळली. पलुसकरांचे पदवीधर शिष्य बी. आर. देवधर यांनी 'थोर संगीतकार' या ग्रंथात चिजांऐवजी गायकांची माणसे म्हणून नोंद केली. भातखंडे यांच्या स्वरलिपीत जे मावले नव्हते, त्यातील बरेच काही तेथे सापडते.

विद्यापीठात संगीत केंद्र आल्यावर त्याची सूत्रे अशोक दा. रानडे यांच्याकडे आली. तेही कायद्याचे पदवीधर होते. मॅरिस कॉलेजचे पुढे भातखंडे यांच्या नावाने नामकरण झाले आणि २००० साली त्या संस्थेस अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.